पायरीसाहेबांचं डोकं

बाक भरलेला आणि खुर्ची रिकामी, असं सलून कुणी पाहिलंय का? वस्तादांच्या सलूनमध्ये त्या आठवड्यात रोज हेच चाललं होतं. बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली. कुणी पेपर वाचतंय, कुणी पेपर वाचणाऱ्याच्या खांद्यावरून वाचतंय. समोर लाल गादीची जुनी लोखंडी खुर्ची आरशात स्वतःचंच तोंड बघत उभी. आणि खुर्चीमागे खारू. हातात कंगवा, खांद्यावर धुतलेला टॉवेल आणि चेहऱ्यावर सकाळी घरून घालून आणलेलं हसू, जे दुपारपर्यंत पार चुरगळून जायचं.

"या ना काका," ती म्हणायची.

"बसलोय की," काका म्हणायचे. "वस्ताद मोकळे झाले की घेतील."

वस्ताद मोकळेच होते. त्याच बाकाच्या टोकाला चहा पीत बसलेले. "मी मोकळाच आहे आणि आता मोकळाच राहणार," असं म्हणून ते कप पुढे धरायचे. हात असा थरथरायचा की चहा न सांगता बशीत उतरायचा. "ह्या हातात वस्तरा देताय? घरच्यांचा निरोप घेऊन आलात ना?"

माणसं खो खो हसायची आणि बसूनच राहायची. एवढी वर्षं ज्याच्या हाती मान दिली, त्याच्या दुकानात बाईच्या हाती मान द्यायची म्हणजे काहीतरीच, असं प्रत्येकाला वाटत होतं. पण तसं बोलायचं कुणी? म्हणून सगळे पेपर वाचत होते.

वस्तादांनी खारूला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. "पोरी, दुकान तुलाच द्यावं असं मनात आहे. तुझा हात मी पाहिलाय. पण दुकान माझ्या मनावर चालत नाही, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर चालतं. शनिवार संध्याकाळपर्यंत ह्यातला एक जरी तुझ्या खुर्चीत बसला आणि समाधानाने उठला, तर किल्ली तुझी. नाहीतर पुतण्या मागे लागलाच आहे. त्याला इथे चपलांचं गोदाम करायचंय."

पुतण्या रोज संध्याकाळी टेप घेऊन यायचा आणि भिंती मोजून जायचा. भिंती काही रात्रीतून वाढत नव्हत्या, तरी मोजायचा.

शुक्रवारी खारू घरी आली ती धुमसतच. जेवणाच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "कुणी बसत नाही."

बाबा टपाल कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर खिडकीत बसून लोकांचं ऐकून घेतलेलं, त्यामुळे मध्ये बोलायची सवयच नाही. घास संपवून त्यांनी विचारलं, "का बसत नाहीत? तुला काय वाटतं?"

"त्यांना वाटतं, माझ्या हातून बिघडेल."

"बिघडेल का?"

खारूने विचार केला. "बिघडू शकतं. कुणाच्याही हातून बिघडू शकतं."

"मग त्यांचं काही चुकत नाही," बाबा म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

"बाबा! तुम्ही माझे वडील की त्यांचे वकील?"

आईला हसू आवरेना. आई इस्पितळात नर्स होती. हातातलं काम न सोडता हसायची कला तिला चांगली जमायची. "तू विचारलंस कुणाला? ह्यांना. तुला बरं वाटावं म्हणून ह्यांनी कधी खोटं सांगितलंय का?"

ते मात्र खरं होतं. आणि ते पार लहानपणापासूनचं होतं.

खारू हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. सहा-सात वर्षांची असताना तिने आईची कात्री घेऊन आपल्या बाहुलीचे केस असे कुरतडले की बाबा म्हणाले, "घरात खार शिरली काय?" नाव चिकटलं ते चिकटलंच. बाहुली टकली झाल्यावर खारूने भोकाड पसरलं. आता कापायचं काय?

दुसऱ्या घरात कात्री कपाटात गेली असती. आईने ती पुसली, पोरीच्या हातात परत दिली आणि शांतपणे म्हणाली, "बाहुलीचे केस परत येत नाहीत गं. माणसाचे येतात." आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं.

बाबांनी आपल्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. दाट, काळे, कुरळे केस होते तेव्हा. मग त्यांनी आरशासमोर स्टूल ओढलं आणि खांद्यावर चादर घेऊन बसले. "कान सोडून काय वाटेल ते काप," म्हणाले.

झालं ते काय वर्णावं! डाव्या बाजूला पायऱ्या पडल्या, उजव्या बाजूला पायऱ्यांवरून कुणी घसरल्यासारखं दिसत होतं. खारू स्वतःच घाबरली. बाबांनी तिच्या हातात छोटा आरसा दिला, तो आपल्या मानेमागे धरायला लावला आणि म्हणाले, "आधी तू सांग. कुठे बिघडलं?"

"सगळीकडे," खारू रडवेली होऊन म्हणाली.

"सगळीकडे म्हणजे कुठे? बोट ठेव."

तिने बोट ठेवलं. इथे जास्त गेला. इथे राहून गेला. बाबांनी प्रत्येक जागी मान हलवली. "बरोबर. अजून एक जागा आहे, ती मी दाखवतो. कानामागे." रागावले नाहीत, आणि "वा, छान" असंही म्हणाले नाहीत. म्हणाले फक्त, "पुढच्या महिन्यात परत." आईने झाडू आणून दिला. जमिनीवरचा केस नि केस उचलेपर्यंत काम संपलेलं नाही, हा तिचा नियम. त्यात सवलत नव्हती, रडणाऱ्यांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा ते डोकं घेऊन टपाल कचेरीत गेले. टोपी न घालता. खिडकीत बसले, म्हणजे अख्ख्या गावासमोर बसले. पोस्टमास्तर म्हणाले, "अहो, टोपी तरी घाला." बाबा म्हणाले, "उकडतं साहेब." रांगेतला कुणी विचारायचा, "हे कुणी केलं?" की बाबा मान ताठ करून सांगायचे, "मुलगी शिकतेय." लोक त्यांना पायरीसाहेब म्हणायला लागले. महिन्याच्या सुरुवातीला तिकिटांचा खप वाढायचा म्हणतात. नवीन डोकं बघायला लोक पत्रं लिहीत होते!

तीच खारू पुढे एका मोठ्या पार्लरमध्ये शिकली, तिथेच कामाला लागली, बायकांचे केस उत्तम कापू लागली. पण मन रमेना. तिचा हात बसला होता तो पुरुषाच्या मानेवर आणि कानामागे. वस्तादांना मदतनीस हवा आहे असं कळलं, तशी ती पार्लर सोडून इथे आली. आणि आता ही लाल खुर्ची चपलांच्या खोक्यांखाली जायची वेळ आली होती.

शनिवार उजाडला. बाक भरला. आज टोकाला ड्रॉइंगचे मास्तर होते, सगळ्यांत चोखंदळ गिऱ्हाईक. कल्ले दोन्हीकडे सारखे आहेत का, हे ते खिशातली पट्टी काढून बघायचे. त्यांच्या शेजारी गॅरेजवाला, त्याच्यापलीकडे आणखी दोघेतिघे. दुपार कलली. पुतण्या टेप घेऊन आलासुद्धा.

तेवढ्यात दार उघडलं आणि बाबा आत आले. मागून आई.

बाबांनी कुणाकडे पाहिलं नाही. सरळ जाऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कटिंग."

बाकावरचे पेपर खाली आले. कारण आता बाबांच्या टाळूवर एकही केस नव्हता. निवृत्त झाले त्या सुमाराला केसांनीही रजा घेतली होती. ट्यूबलाइट त्या डोक्यात स्वच्छ दिसत होती.

खारू कानाशी वाकली. "बाबा, काय हे? काय कापू मी?"

"ते तू बघ. कारागीर तू."

खारूला आधी राग आला. मग आरशात बाबांचा चेहरा दिसला, स्टुलावर चादर घेऊन बसायचे तेव्हाचाच, अगदी गंभीर. मग तिनेही चेहरा सरळ केला. पांढरं कापड झटकलं, गळ्याभोवती नीट बांधलं, बोट घालून घट्ट झालं नाही ना ते पाहिलं. पाण्याचा फवारा मारला. "भांग कुठला?"

"डावा. नेहमीचा."

तिने डावा भांग पाडला. कंगवा फिरला, त्याच्यामागे कात्री हवेत टकटक चालली. मधेच थांबून तिने मान थोडी पुढे केली, कानामागचे दोन-चार चुकार केस होते ते अगदी मन लावून सारखे केले. बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. गॅरेजवाला तोंडावर रुमाल धरून हलत होता. पुतण्याची टेप सुटून गुंडाळली गेली. खारूने छोटा आरसा मागे धरला.

"आधी तू सांग," बाबा म्हणाले.

खारूने टकलाकडे निरखून पाहिलं. "वरच्या बाजूला चमक जरा जास्त राहिलीय."

मग मात्र सलूनमध्ये हसू फुटलं. वस्तादांचा चहा बशीतून थेट मांडीवर आला. बाबा तसेच गंभीर. त्यांनी कापड सोडलं, उठले, आणि जन्मभराच्या सवयीने, खिडकीतून द्यायचे तसा खणखणीत आवाज दिला, "पुढचे या!"

आणि ड्रॉइंगचे मास्तर उठले!

त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्या आवाजाला ते टपालाच्या रांगेत इतकी वर्षं पुढे सरकत आले होते की पाय आपसूक चालले. खुर्चीजवळ आल्यावर ते भानावर आले आणि बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. "अहो! तुम्ही... पायरीसाहेब?"

"मीच तो."

"केस कुठे गेले?"

"शिक्षणात गेले," आई मागून म्हणाली.

"म्हणजे ही... ही ती शिकणारी मुलगी?" मास्तर बाकाकडे वळले. "अरे, तुम्हाला आठवत नाही? आधी पायऱ्या असायच्या. मी पोरांना तिरकी रेघ शिकवताना ह्यांच्या डोक्याचं उदाहरण द्यायचो!"

"मग वाटीसारखे," गॅरेजवाला म्हणाला. "एक वर्षभर वाटी होती. मग मागून सरळ आले."

"आणि शेवटी तर काय सुरेख! मी वस्तादांना म्हणालो होतो, त्या टपालातल्यासारखे कापा."

"म्हणाला होतात," वस्ताद मांडी पुसत म्हणाले. "मला राग आला होता."

अख्ख्या बाकाने हिचं शिक्षण खिडकीतून, रांगेत उभं राहून, महिन्यामागून महिना पाहिलं होतं आणि आता आठवडाभर तिलाच अनोळखी समजून बसला होता.

"मास्तर, उठलाच आहात तर बसा आता," गॅरेजवाला म्हणाला. मास्तर बसले.

खारूने कात्री उचलली. हात आपलं काम ओळखत होते. मागची बाजू झाली, उजवी झाली, सगळं लोण्यासारखं चाललं होतं. डाव्या कानाशी कात्री आली आणि बाकावर कुणीतरी म्हणालं, "पण वाटी आधी होती, पायऱ्या नंतर."

"मुळीच नाही!" मास्तर गर्रकन वळले. कात्री चालली.

खारूला दिसलं. कानाच्या वर, नखाएवढी जागा. इतरांना दिसलं नव्हतं. मास्तरांनाही नाही. कंगव्याने वरचे केस ओढून घेतले असते तर घरी पोचेपर्यंत कळलं नसतं. आणि दाराशी पुतण्या उभा होता.

तिने आरसा उचलला, मास्तरांच्या हातात दिला आणि त्या जागी बोट ठेवलं. "काका, इथे माझ्या हातून जास्त गेला. दुसरी बाजू थोडी उतरवली की जुळेल. जरा वेळ लागेल, चालेल ना?"

मास्तरांनी आरसा जवळ नेला, लांब नेला. खिशात हात घालून पट्टी काढली, आणि मग न मोजताच परत ठेवली.

"वळलो मी," ते म्हणाले.

"कात्री माझ्या हातात होती."

मास्तर वस्तादांकडे वळणार होते, पण ह्या वेळी मान सरळ ठेवून आरशातूनच बोलले. "काय हो वस्ताद, तुम्ही असं कधी सांगितलं नाहीत. तुमच्या हातून कधी जास्त गेलाच नाही?"

"दर महिन्याला जायचा," वस्ताद म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला गप्पांत गुंतवायचो."

मास्तर इतके हसले की खारूला कात्री बाजूला धरून थांबावं लागलं. बाबा मात्र हसले नाहीत. ते बाकावर मास्तरांच्या रिकाम्या जागी बसले होते आणि पेपर उघडून बघत होते. पेपर उलटा होता.

मास्तर उठले तेव्हा दोन्ही बाजू सारख्या होत्या. त्यांनी पट्टी न लावताच मान डोलावली. गॅरेजवाला खुर्चीकडे सरकला, तर वस्तादांनी त्याला हाताने अडवलं.

"थांब. माझा नंबर आधी. दुसऱ्यांचे कापता कापता माझं जंगल झालंय, आणि विश्वासाचा माणूस मिळत नव्हता." खुर्चीत बसताना त्यांनी किल्ली आरशासमोर ठेवली आणि पुतण्याला म्हणाले, "टेप आण इकडे." पुतण्याने दिली. वस्तादांनी ती खारूपुढे धरली. "कल्ले मोजायला ठेव. मास्तर आता दर महिन्याला येणार."

आईने कोपऱ्यातला झाडू आणून भिंतीला टेकवला. खारूने आधी मास्तरांचे केस झाडून गोळा केले, मग वस्तादांच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

बाबा पेपर घडी करून उठले. दाराशी थांबून त्यांनी कानामागे हात फिरवला.

"पुढच्या महिन्यात परत येतो," ते म्हणाले. "इथले फार लवकर वाढतात."