सात ते आठ

मास्तरांना निवृत्त होऊन महिना झाला आणि घरातल्या माणसांना, म्हणजे एकट्या बायकोला, वर्ष झाल्यासारखं वाटायला लागलं. एकतीस वर्षं गणित शिकवलं, पण शाळेत त्यांचं नाव झालं ते वेळापत्रकामुळे. बावीस शिक्षक, सोळा वर्ग, दिवसाचे आठ तास; कुणाचा तास कुणावर आदळू न देता तो तक्ता जुळवावा तर मास्तरांनीच. एका वर्षी दुसऱ्याकडे दिला, तर पहिल्याच दिवशी एका वर्गात दोन बाई आणि शेजारच्या वर्गात धिंगाणा.

आता मात्र सकाळ त्यांना खायला उठायची. पाचला जाग यायची ती यायचीच. मग गॅलरीत जा, आत ये, पेपर आला का बघ, घड्याळ बघ, पुन्हा गॅलरीत. सात वाजले की पाय आपोआप चपलांकडे वळायचे आणि तिथेच अडायचे. डॉक्टरांनी रक्तदाब बघून तोंड वाकडं केलं आणि सकाळची काहीतरी घडी बसवा, नाहीतर गोळ्या वाढवतो, असं बजावलं.

मास्तरांना घडी बसवायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. त्याच संध्याकाळी पुठ्ठा आला, पट्टी आली, तीन रंगांची पेनं आली. सहाला चालणं, साडेसहाला व्यायाम, सातला पेपरवाचन, साडेसातला भाजी निवडणं. पण एकट्याचं कसलं आलंय वेळापत्रक? म्हणून शेजारी बायकोचा रकाना आखला आणि तोही गच्च भरला. चालायला ती बरोबर, पेपर ते वाचणार नि ती ऐकणार, भाजी दोघांनी मिळून. तिला विचारलं का? विचारायचं काय त्यात, तिचं भलंच होतं की!

तिने तक्ता वाचला आणि "बरं" म्हणाली. एकतीस वर्षं संसार करून ज्याला बायकोच्या 'बरं'चा अर्थ कळत नाही, त्या माणसाने गणित तरी काय शिकवलं असेल देव जाणे.

चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी सातला मास्तरांनी पेपर उघडला तर समोर ऐकायला कुणी नाही. न्हाणीघराचं दार बंद, आत नळ धो धो. आठला पाच मिनिटं कमी असताना बाईसाहेब बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मास्तर दारासमोर येरझाऱ्या घालायला लागले. आधी चिडले, मग घाबरले. त्यांच्या सासूने दुखणं असंच लपवलं होतं आणि कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, बाबा, सरळ आईलाच विचारा ना. विचारायचं कसं? ती खरंच काही सांगून बसली तर?

चौथ्या दिवशी सव्वासातला त्यांना राहवलं नाही. दोनदा हाक मारली, उत्तर आलं नाही, तसं त्यांनी दार ढकललं. कडी नीट बसलेली नव्हती. आत बायको कोरड्या कपड्यांत, पालथ्या बादलीवर बसलेली. हातात चहाचा कप. नळाखालची दुसरी बादली भरून वाहत होती.

"काय होतंय तुला?" मास्तरांनी दारातूनच विचारलं.

तिने नळ बंद केला. "काही होत नाहीये. तेवढ्यासाठीच तर बसलेय."

मास्तरांनी बादलीकडे बघितलं, मग कपाकडे.

"तुम्ही सातला जायचात," ती म्हणाली, "आठला मी कामाला लागायचे. मधला तास मी नुसती बसायचे. एवढी वर्षं तेवढाच माझा होता हो. तुम्ही घरी बसलात आणि तो गेला."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ त्यांना भयंकर राग आला. इतकी वर्षं बोलली नाही! तरातरा जाऊन ते तक्त्यासमोर उभे राहिले आणि तिथे राग पार ओसरला. शाळेत त्यांनी कुणालाही सलग आठ तास दिले नव्हते. प्रत्येकाला रोज एक मोकळा तास द्यायचाच, त्यासाठी मुख्याध्यापकांशी भांडले होते. आणि बायकोच्या रकान्यात एकही चौकोन रिकामा नव्हता. आपली त्यांना फार लाज वाटली. त्यांनी सात ते आठवर कोरा कागद चिकटवला. स्वतःच्या रकान्यात त्याच जागी लिहिलं, 'बाहेर'.

दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी असताना ते चपला घालून निघाले. कुठे, ते पायांनाही ठाऊक नव्हतं. कोपऱ्यापर्यंत गेले. बागेला दोन फेऱ्या मारल्या. शाळेची बस पोरांना घेऊन समोरून गेली, तेव्हा हात उगाच वर झाला आणि खाली आला. घड्याळात बघितलं, सात वीस. नंतर बरंच चालले आणि पुन्हा बघितलं, सात अठ्ठावीस. शाळेत पस्तीस मिनिटांनी घंटा तरी व्हायची. जीव कासावीस झाला, तसे पावणेआठलाच ते घराखाली येऊन उभे राहिले.

वर गॅलरीत ती बसली होती, त्यांच्याच खुर्चीत, पाय कठड्यावर टाकून. कप कधीच रिकामा झाला असावा. तिला ते दिसले नाहीत. जिन्याच्या कठड्यावर मास्तरांचा हात गेला होता. त्यांनी घड्याळ बघितलं, हात काढून घेतला आणि परत कोपऱ्याकडे चालू लागले.