हाकेच्या अंतरावर

नेवाडाच्या वाळवंटातल्या त्या डोंगराला नाव नव्हतं. नकाशावर नुसता उंचीचा आकडा होता. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारापासून दिवसभर गाडी हाणायची, शेवटचे काही मैल धुरळ्याच्या कच्च्या रस्त्याने जायचं आणि मग पाठीवर सॅक घेऊन तळ्यापर्यंत चढायचं. वर्षाकाठी तिकडे कुणी फिरकलं तर फिरकलं. अशाच जागा शोधून काढायचं वेड सुशांतला होतं. २००४ च्या सप्टेंबरात त्याच डोंगरावर, कातळाच्या एका ओट्यावर, घोटा मोडलेल्या अवस्थेत तो थंडीने मेला.

त्याच्याबरोबर राजीव कामत होता. दोघे एकाच कंपनीत कामाला आणि प्रत्येक लाँग वीकएंडला डोंगरात. राजीव जिवंत परतला आणि त्याने सगळ्यांना जे सांगितलं ते असं: डोंगराच्या धारेवर एकाएकी धुकं आलं, चुकामूक झाली. त्याने तळ्याजवळच्या टेंटपाशी येऊन रात्रभर वाट पाहिली, हाका मारल्या, पण वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. सकाळी तो मदत आणायला निघाला. मदत पोचेपर्यंत उशीर झाला होता.

सुशांतची आई, सुनेत्राबाई, तेव्हा साताऱ्याला होत्या. नवरा आधीच गेलेला. मुलाची राख घेऊन मुलगी इशिता आली, तेव्हा राजीवही सोबत आला होता. पाया पडून रडला. सुनेत्राबाईंनीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता.

पण पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या कानावर एकेक गोष्ट येत गेली. राजीवने ट्रेकिंगचा ग्रुप काढला. नेवाडातल्या अनवट वाटांची माहिती देणारी वेबसाइट सुरू केली आणि त्या डोंगरावरच्या वाटेला 'सुशांत ट्रॅव्हर्स' असं नाव दिलं. २००५ च्या सप्टेंबरात तो दहा-पंधरा जणांना त्या तळ्यावर घेऊन गेला, मेणबत्ती लावून मित्राबद्दल बोलला, आणि लोकांनी डोळे पुसले. इशिताने एकदा त्याचे फोटो पाठवले. मेणबत्तीच्या उजेडात राजीवचा चेहरा फार छान आला होता. तो चेहरा सुनेत्राबाईंनी बराच वेळ पाहिला. मुलाच्या बातमीने त्यांना रडू आलं होतं. या फोटोने मात्र संताप आला, तो पुढे विझला नाही.

एक गोष्ट त्यांना पहिल्यापासून खुपत होती. सुशांत ती रात्र आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिवंत होता, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. घोटा मोडलेला माणूस इतका वेळ गप्प पडून राहील? त्यांचा सुशांत तर गुडघा खरचटला तरी आळी डोक्यावर घ्यायचा.

२००६ च्या सप्टेंबरात त्या इशिताकडे मिनेसोटात ईडन प्रेरीला आल्या आणि तिथून तिला घेऊन सांता क्लाराला राजीवकडे गेल्या. राजीवला म्हणाल्या, "सुशांत जिथे सापडला ती जागा मला बघायची आहे. फक्त आपण तिघं."

"काकू, तिथपर्यंत नको. तळ्यापर्यंत नेतो. वर एक्स्पोजर आहे, बाजूला सरळ कडा, रोप लागतो," राजीव म्हणाला.

"तुझा हात धरून येईन."

सुनेत्राबाई तीस वर्षं शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. मुलींना घेऊन त्यांनी साताऱ्याच्या आसपासचे किल्ले कितीदा पालथे घातले होते, आणि तरुणपणी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्सही केला होता. सुशांतने हे मित्राला कधीतरी सांगितलं असणारच. पण राजीवला समोर दिसत होत्या त्या पांढऱ्या केसांच्या, पंजाबी ड्रेसवर विंडचीटर घातलेल्या काकू. त्याने शेवटी मान डोलावली.

तळ्याकाठी त्यांनी दोन टेंट लावले. इशिताला उंचीची भीती, ती खालीच थांबणार होती. सकाळी सॅक भरताना सुनेत्राबाईंनी जाड स्वेटर, पाण्याच्या बाटल्या आणि दशम्यांचा डबा राजीवकडे दिला. "माझ्या पाठीला झेपत नाही रे."

"द्या की काकू," तो हसत म्हणाला.

मागच्या सोंडेवरून ते धारेवर चढले. सोपी वाट, नुसती दमवणारी. धारेवरून दोन्हीकडे तपकिरी, ओसाड रांगा पसरलेल्या, एकामागे एक, कुठे घर नाही की धूर नाही. तिथून तळ्याच्या बाजूला घसाऱ्यावरून उतरायचं होतं. पायाखाली दगड सरकत होते. राजीव दर चार पावलांनी मागे वळून हात देत होता आणि सुनेत्राबाई तो घेत होत्या. नको असलेला हात धरून चालणं त्यांना चढापेक्षा अवघड गेलं.

दुपार कलल्यावर ते ओट्यावर पोचले. दोन खाटा मावतील एवढी सपाट जागा, मागे घसारा, पुढे सरळ तुटलेला कातळ. खाली, पुष्कळ खाली, तळ्याकाठी टेंटचे दोन नारिंगी ठिपके.

"इथे," राजीव हळूच म्हणाला आणि त्याने खिशातून फुलांची पुडी काढली.

सुनेत्राबाई खाली बसल्या. त्यांनी कातळावर हात ठेवला. तो उन्हाने तापलेला होता. तेवढ्यात खालून इशिताचा आवाज आला.

"आई, खाली यायला उशीर होईल का गं? चहा ठेवू का आत्ताच?"

ती काही फार जोरात ओरडली नव्हती. पण तळ्याच्या तिन्ही बाजूंनी कडे होते, आणि कढईच्या काठाशी बसून तळातलं ऐकावं तसा तिचा शब्दन्‌शब्द ओट्यावर आला. 'गं'सुद्धा.

सुनेत्राबाईंनी साध्या आवाजात उत्तर दिलं, "थांब जरा, सांगते."

"बरं," खालून आलं.

त्यांनी मान वळवून राजीवकडे पाहिलं. फुलांची पुडी त्याच्या हातातच राहिली होती.

"तू त्या टेंटमध्ये होतास," त्या म्हणाल्या. "रात्रभर."

"काकू, त्या दिवशी वारा…"

"राजीव."

तो खाली बसला. नजर बुटांकडे होती. मग बोलू लागला आणि थांबला नाही.

"मी पुढे होतो, खाली उतरलो होतो. रोप माझ्याकडेच होता. तो घसाऱ्यावरून घसरून इथे पडला. मला हाका मारत होता. 'राजीव, पाय गेला, रोप घेऊन वर ये' म्हणत होता. धुकं होतं काकू, खडक ओले होते. मला वाटलं, मी गेलो तर मीही मरेन. मी टेंटमध्ये गेलो. त्याला उत्तर दिलं नाही. त्याला वाटावं, मी तिथे नाहीच."

"सकाळी धुकं होतं?"

"नव्हतं."

"मग सकाळी का नाही आलास वर?"

राजीवने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "रात्रभर गेलो नव्हतो ना. त्याला तोंड कसं दाखवणार होतो? तेव्हाही तो हाका मारत होता. आवाज बारीक झाला होता. मी सॅक घेतली आणि निघालो."

तो कड्याच्या अगदी टोकाशी बसला होता. एक धक्का पुरला असता, आणि सुनेत्राबाईंचा हात खरोखरच वर आला होता. पण कडा दोन क्षणांत संपवून टाकतो. सुशांतचं दोन क्षणांत संपलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला.

"चल, उतरू या," त्या म्हणाल्या.

राजीवने डोळे पुसले. बोलून टाकल्यामुळे तो हलका झाला होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या चेहऱ्याने सुनेत्राबाईंचं उरलंसुरलं मन घट्ट केलं. त्याने एका भक्कम खडकाभोवती रोपाचा वळसा घातला, दोन्ही टोकं खाली सोडली आणि त्यांच्या कमरेला हार्नेस बांधून दिला. "तुम्ही आधी उतरा काकू. मी वरून बघतो. घाबरू नका."

त्या घाबरल्या नाहीत. पाय कातळावर रोवून, पाठीमागे झुकून त्या सरसर खाली उतरल्या. वरून बघणाऱ्या राजीवला ते विचित्र वाटलं असणार. खाली पोचल्यावर त्यांनी रोप सोडवला, त्याचं एक टोक धरलं आणि ओढायला सुरुवात केली. दुसरं टोक सापासारखं वर सरकत गेलं, खडकामागे दिसेनासं झालं आणि मग सगळा रोप त्यांच्या पायाशी येऊन पडला.

"काकू! रोप! काकू, काय करताय?"

"तुझ्या सॅकमध्ये स्वेटर आहे. पाणी आहे, दशम्या आहेत," त्या वर बघून म्हणाल्या. "सुशांतकडे यातलं काही नव्हतं. मागे वर चढून जायचं असेल तर जा, अजून उजेड आहे. नाहीतर सकाळी मी येते."

"मला एकट्याला घसाऱ्यावर नाही जमणार! काकू, प्लीज!"

त्यांनी रोप गुंडाळून खांद्यावर टाकला आणि त्या तळ्याकडे चालू लागल्या.

इशिताने सगळं ऐकलं होतं. ओट्यावरचं बोलणंही. ती टेंटबाहेर उभी होती.

"आई, रोप दे. मी जाते."

"तुला चढता येत नाही."

"मग तू जा! तू वेडी झालीस का? ही शुड गो टू जेल, ओके, पण हे असं नाही!"

"कुठली जेल? कशाबद्दल? हाकेला ओ दिली नाही म्हणून जेल होते?" सुनेत्राबाई रोप मांडीखाली घेऊन बसल्या. "बस. ऐक."

ऊन कड्यावरून वर सरकत गेलं आणि तळ्यावर गारठा उतरला. राजीव हाका मारत होता. आधी "काकू", मग "इशिता". इशिता रडत रडत ओरडली, "राजीवदादा, हलू नकोस! स्वेटर घाल! पाय सॅकमध्ये घाल!" ते मात्र सुनेत्राबाईंनी थांबवलं नाही. पुढे तो त्याच्या बायकोला, नीनाला, हाका मारू लागला, जणू ती कॅलिफोर्नियातून ऐकणार होती. आणि मग, दिसेनासं व्हायच्या सुमाराला, तो "आई, आई" म्हणू लागला.

तेव्हा सुनेत्राबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. इतका वेळ त्यांना वाटत होतं, की हे सगळं राजीवला ऐकवायचं आहे. आता त्यांना कळलं, की सुशांतची ती रात्र आजवर कुणी त्यांना सांगितली नव्हती, आणि ती आता त्या ऐकत होत्या. तो आवाज राजीवचा होता. तरी त्यांना उठावंसं वाटलं, धावत जावंसं वाटलं. त्या उठल्या नाहीत. दोन्ही मुठींत गवत धरून त्या बसून राहिल्या आणि त्यांनी एकही हाक चुकवली नाही.

फटफटल्याबरोबर रोप घेऊन त्या मागच्या सोंडेने चढल्या. राजीव कातळाला पाठ लावून बसला होता. अंगात स्वेटर, पाय सॅकमध्ये, ओठ निळे. दशम्यांचा डबा उघडलेलाच नव्हता. दगड चाचपडून त्याच्या बोटांची सालं निघाली होती. त्यांनी त्याला पाणी पाजलं, रोपने खाली उतरवायला त्याचा हार्नेस आवळला.

"मी पोलिसात जाणार नाही काकू," तो पुटपुटला.

"जा की. विचारलं तर मी नाही म्हणणार नाही."

परतीचा पूर्ण दिवस तिघं एकाच गाडीत होते. इशिता गाडी चालवत होती, राजीव मागे ब्लँकेट पांघरून पडला होता. वाटेत पेट्रोल भरायला थांबल्यावर इशिताने तिघांसाठी कॉफी आणली. राजीवला कपाचं झाकण उघडेना. सुनेत्राबाई पुढच्या सीटवरून आरशात बघत राहिल्या. इशिताने दार उघडून त्याचं झाकण काढून दिलं, आणि पुढे ती आईशी एक अक्षर बोलली नाही.

सांता क्लारातल्या मराठी लोकांच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, सगळ्यांच्या देखत, राजीवने खरं काय घडलं ते सांगितलं. वेबसाइट बंद केली. सुनेत्राबाई तेव्हा साताऱ्याला परतल्या होत्या. आधी नीनाचा फोन आला. "काकू, तुम्ही त्याला मारायला नेलं होतं का?"

"मारायला नेलं असतं, तर स्वेटर दिला नसता," त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी इशिताचा आला. ती सांगत होती, की लोकांनी राजीवला जवळ घेतलं, 'किती सोसलंस एकट्याने' म्हणाले.

"त्याने सोसलं?" सुनेत्राबाईंचा आवाज चढला. "त्याने?"

"मला माहितेय, आई." इशिता म्हणाली. "तू आता तरी त्याला माफ करशील का?"

"नाही."

"आणि मी तुला केलं नाही तर?"

सुनेत्राबाई फोन कानाला लावून खुर्चीत बसल्या. पलीकडून इशिताचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "डिसेंबरचं तिकीट काढलंय. पण येऊन मी तुझ्याशी नीट बोलेनच असं नाही."

"नको बोलूस," सुनेत्राबाई म्हणाल्या. "ये."