छातीतलं बिऱ्हाड

नर्सने वेलाफीच्या हातावर उठलेली गाठ पट्टीने मोजली आणि म्हणाली, "बाबा, टीबी आहे, पण झोपलेला." थुंकीत काही सापडलं नव्हतं. छातीच्या फोटोत मात्र खाणीची धूळ घट्ट बसलेली दिसत होती. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींनी म्पोंडो जमातीच्या माणसांना सोनं काही दिलं नाही; दगड तेवढा भरभरून दिला, तोही छातीत. अशा छातीत झोपलेला टीबी कधी उठेल याचा नेम नाही, आणि उठला तर आधी घरातली पोरं धरेल. म्हणून तीन महिने, दर आठवड्याला गोळ्या घ्यायच्या.

"आला कुठून?" वेलाफीने विचारलं.

"कुणाच्या तरी श्वासातून. वर्षं झाली असतील."

कुणाच्या, ते वेलाफीला ठाऊक होतं. खाणीवर कामाला असताना मजुरांच्या खोलीत त्याच्या वरच्या खाटेवर मखुसेली झोपायचा. खोकून खोकून तो तिकडच्याच दवाखान्यात वारला. प्रेत गावी आलं, पण आत्मा आणायला कुणी गेलंच नाही. त्यासाठी म्फाफाच्या झाडाची काटेरी फांदी घेऊन तो असेल तिथे जावं लागतं, त्याला हाक मारून फांदीवर घ्यावं लागतं, आणि घर येईपर्यंत त्याच्याखेरीज कुणाशी चकार शब्द बोलायचा नसतो. मखुसेलीचा बाप अंथरुणाला खिळलेला, भाऊ दुसऱ्या खाणीत. राहून गेलं ते गेलंच. तेव्हापासून मखुसेली वेलाफीच्या स्वप्नात येऊन खोकत असे. येत कसला, तो छातीत मुक्कामालाच होता, हे वेलाफीला आज कळलं.

गोळ्या त्याने फळीवर ठेवून दिल्या. मखुसेलीला दुसरं घर नव्हतं. गोळ्यांनी त्याला मारायचं म्हणजे सोबत्याला दुसऱ्यांदा पुरायचं.

दोन आठवडे गोळ्या फळीवरच राहिल्या. मग एके सकाळी बायको नोझुकोने आजोबाच्या दंडावर डोकं ठेवून झोपलेल्या नातीला, सिनाझोला, उचललं आणि दुसऱ्या झोपडीत नेलं. पोरगी रडली. परत येऊन नोझुकोने नवऱ्याला कुळाच्या नावाने हाक मारली. "न्यावुझा, मेलेल्याला छातीत बिऱ्हाड दिलंत, छान केलंत. नातीला कुठे ठेवायचं तेही सांगा."

वेलाफी उठला, गोळ्या खिशात टाकल्या आणि म्फाफाची फांदी तोडून आणली. दूरच्या दवाखान्यात जायची गरजच नव्हती. त्याने सदरा उघडून फांदी स्वतःच्या छातीवर टेकवली. काटे टोचले. "चल, मखुसेली," तो म्हणाला, "तुझ्या घरी जाऊ."

वाटेत तो त्याच्याशीच बोलत होता. ओढा आहे, जपून. चढ आहे, बस जरा. दम त्यालाच लागत होता, पण बसवत होता मखुसेलीला. पुलाशी नर्स भेटली. गोळ्या सुरू केल्या का, तिने दोनदा विचारलं. वेलाफी समोर बघत निघून गेला. म्हातारा आडमुठा आहे, असं ती पुटपुटली. तिला काय ठाऊक, तो तिच्याच कामाला निघाला होता!

मखुसेलीची विधवा नोमालिझो अंगणात मका सोलत होती. फांदी बघून ती उभी राहिली, आणि काही न विचारता तिने डोक्याचा रुमाल नीट केला. घरातले पूर्वज जिथे राहतात त्या गोठ्याच्या कुंपणाशी वेलाफीने फांदी ठेवली. "आलास घरी," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळून त्याने पाणी मागितलं आणि खिशातून गोळ्या काढल्या. तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली.

पाण्याचा तांब्या नोमालिझोच्या हातात तसाच राहिला.

"शेवटच्या नाताळात हे घरी आले होते, तेव्हा असंच खोकायचे," ती म्हणाली. "थांबा, न्यावुझा. गोळी घेण्याआधी अजून एकदा खोका."

वेलाफी खोकला. डोळे मिटून ती ऐकत राहिली. मग तिने स्वतःच पाणी पुढे केलं.