चौथं कडवं

भर दुपारी मागच्या खोलीचे पडदे ओढून बाबांनी जुना संगणक लावला. पंखा घरघरला, स्क्रीन बराच वेळ काळीच राहिली, मग निळसर उजाडली. शेजारच्या स्कॅनरचा दिवा मात्र तापायचं नाव घेईना.

"घाई नको," बाबा म्हणाले. "म्हातारा आहे. उठल्याउठल्या कामाला लागत नाही."

"कोण, तो की तुम्ही?" लेक म्हणाली. तिला सातवा महिना होता.

काचेवर पालथी पडली होती आईची वही. त्यात आईनं स्वतः रचलेली अंगाई, शिसपेन्सिलीनं लिहिलेली, चार कडव्यांची. तीन लेकीला पाठ होती. चौथं कुणी ऐकलंच नव्हतं. तिसऱ्याला लेक झोपायची, आणि तिच्याही आधी बाबा. मग आई गेली. पानं पिवळी पडली, अक्षरं विरली. दुकानातल्या नव्या स्कॅनरनं तर ती मळ समजून प्रतीतून साफ पुसली. येणाऱ्या बाळाला अंगाई अर्धी कशी द्यायची, हाच लेकीला घोर.

बाबांनी छापखान्यात उभा जन्म असलीच यंत्रं चालवली. हे यंत्र एक पान तीनदा वाचतं. दिव्यापुढं आधी तांबडी काच, मग हिरवी, मग निळी. तिन्ही फेऱ्या एकावर एक बसल्या की चित्र होतं. मधे काही हललं की झालं मातेरं. म्हणून बाबा येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसत, आणि त्यांचं नावच पडलं होतं 'हलूनका'.

"दिवा आज आहे, उद्या नाही," ते म्हणाले. "एकदाच निघेल. श्वाससुद्धा बेतानं घे."

तांबडा उजेड वहीखालून सरपटत गेला. यंत्र एका सुरात गुणगुणू लागलं, आणि खोली जणू पाण्याखाली गेली. मग हिरवी फेरी. छतावर हिरव्या लाटा हलल्या. बाबांचे डोळे मिटले होते, आणि हात, देवाची करणी बघा, वहीच्या कडेवर हळूहळू थापटत होता. लेकीनं ते पाहिलं, टोकणारही होती. पण ती थाप तिच्या पाठीच्या ओळखीची. तिच्याही पापण्या जड झाल्या.

निळ्या फेरीत दिवा मिणमिणला आणि विझला. स्क्रीनवर चौकट आली: वाचन अपूर्ण.

बाबा दचकले. "वही कुणी हलवली?"

"हलूनका साहेबांनी."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही फेऱ्या एकेक करून सुट्या केल्या. तांबडी धड उतरली होती. तांबड्या उजेडात कागदाचा पिवळेपणा नाहीसा होतो, हे त्यांचं जुनं ज्ञान. त्यांनी उजेड-अंधार ठरवणारी रेघ माऊसनं जराशी वाकवली, आणि धुक्यातून माणसं यावीत तशी अक्षरं आली.

*निज निज माझ्या राणी, किती ऐकशील गाणी,*
*आता दमली तुझी आई, बाबा थापटेल, बाई.*

मग बाबांनी हिरवी फेरी उघडली. वहीच्या कडेबाहेर काचेवर टेकलेली त्यांचीच बोटं, एकाची पाच झालेली, पाण्यात हलावीत तशी.

"ही खराब झाली," ते म्हणाले. "पुसून टाकतो."

त्यांचा हात माऊसकडे गेला. लेकीनं तो वरच्यावर धरला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "हलू नका."