पुठ्ठ्यावरचा सराव

रुपलीने पहिलं बटण दाबलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकच इंग्रजी अक्षर ओळभर धावत सुटलं. दाराशी चपला काढून मागे उभी राहिलेली मुलं हसली.

"भाकरी थापतेय का ही?" डॉक्टरांचा मुलगा म्हणाला.

शेवंताबाईंना चूक लगेच कळली, आणि ती रुपलीची नव्हती. अठ्ठ्याऐंशी साली चोपड्याकडच्या त्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला होता. त्यावर शिकायला कोणी बसायचं, ते आजच्या चाचणीवर ठरणार होतं. डॉक्टर-वकिलांच्या मुलांची बोटं घरच्या टाइपरायटरवर तयार झालेली. सातपुड्याच्या पायथ्याहून आलेली रुपली गणितात साऱ्यांच्या पुढे. पण वसतिगृहात टाइपरायटर कुठला? म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या शेवंताबाईंनी तिला पुठ्ठ्यावर सगळी बटणं काढून दिली. ती रोज त्यावर बोटं चालवी. पुठ्ठ्यावर काही उमटत नाही, म्हणून प्रत्येक अक्षरावर जोर देऊन थांबे. ते थांबणं बाईंनी पाहिलं होतं. पोरगी मन लावून करते, एवढंच त्यांना वाटलं होतं.

मुख्याध्यापक म्हणाले, घरी काही पाहिलेलं नसलं की हे जड जाणारच. पुढच्याला बसू द्या.

रुपली उठली नाही. "बाई, बोट दाबी धरं का हाई चालतच ऱ्हास," ती हळू आवाजात म्हणाली. मग तिने खोडायचं बटण शोधलं आणि तेच दाबून धरलं. अख्खी ओळ उलटी पळत नाहीशी झाली. मागचं हसणं थांबलं.

त्यानंतर ती एकेक अक्षर टिचकीसरशी उमटवू लागली. ओळीओळीने आज्ञा देऊन कॉम्प्युटरकडून सतराचा पाढा मांडून घ्यायचा होता. बाईंनी शिकवलेली आज्ञांची रीत डोक्यात पक्की होती, बोटं सावकाश चालत होती. वेळ संपली तेव्हा आज्ञांची शेवटची ओळ राहिली होती. मुख्याध्यापकांनी स्विचकडे हात नेला.

शेवंताबाई मध्ये उभ्या राहिल्या. "सर, टाइपरायटरवाल्यांनी घरी काढलेली वर्षं मोजली, तर हिची वेळ अजून सुरूही झालेली नाही. बंद करू नका."

आवाज चढलेला नव्हता. मुख्याध्यापकांनी हात मागे घेतला.

थोड्या वेळाने शेवटची आज्ञा पुरी झाली आणि पाढा आपोआप सरसर पडद्यावर उतरला. डॉक्टरांचा मुलगा पुढे सरकून तो तपासू लागला; चूक सापडेना. सोमवारपासून हिलाही बसवा, असं मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले.

रुपलीचं तिकडे लक्ष नव्हतं. एका बटणावर बोट टेकवून ती ते लगेच उचलत होती. पुन्हा टेकवत होती.