डावीकडची शेवटची

दुकानात एकाच सिनेमाचे दोन डबे शेजारी शेजारी ठेवले होते. वरचं चित्र तेच, नाव तेच, फक्त खालच्या कोपऱ्यात एकावर ‘फुल स्क्रीन’ आणि दुसऱ्यावर ‘वाइडस्क्रीन’. लिफ्टवाल्यांनी दोन्ही उचलून चष्म्याजवळ नेले. तीस वर्षं लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस, पण या दोन शब्दांपुढे अडला.

“यात फरक काय हो, बाई?”

“वाइडमध्ये वर-खाली काळ्या पट्ट्या येतात,” दुकानवाली म्हणाली. “माणसं परत आणून देतात, डिस्क खराब आहे म्हणून. फुलमध्ये टीव्ही कसा भरून दिसतो.”

भरलेलं ते बरं, असा साधा विचार करून त्यांनी फुल स्क्रीन घेतला.

त्या सिनेमात त्यांची मुलगी होती. ठकू सिनेमावाल्यांच्या कपड्यांना इस्त्री करायच्या कामाला होती. एके दिवशी एक मुलगी आलीच नाही आणि तिचा निळा पोशाख ठकूच्या अंगाला बरोबर बसला, म्हणून ऐनवेळी हिलाच उभी केली. हॉटेलच्या मुदपाकखान्यातून दहाजणी हातात ट्रे घेऊन ओळीने पुढे येतात, एवढाच तो प्रसंग. ठकू डावीकडची शेवटची. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं दहादा बजावलं होतं, तरी तिने बघितलंच. त्याबद्दल बोलणीही खाल्ली. पण तो तुकडा सिनेमात राहिला. मोजून चार सेकंद.

थिएटरात तिघं गेले होते, ठकू मध्ये आणि आई-बाप दोन बाजूंना. पुढच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि अकरा दिवसांत ठकू गेली.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर त्यांनी डिस्क लावली. बायको खुर्ची सोडून खाली, टीव्हीच्या पुढ्यातच बसली. अर्ध्या तासाने मुदपाकखान्याचं दार उघडलं आणि निळ्या पोशाखातल्या मुली बाहेर आल्या. लिफ्टवाल्यांची नजर डावीकडे लागून राहिली होती. तिथे एक ट्रे दिसला आणि तो धरणारा अर्धा हात. बस्स. पुढे टीव्हीची चौकट. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. मुली मोजल्या. सातच होत्या.

“अहो, ती बघा!” बायको ओरडली. तिचं बोट काचेवर टेकलं होतं, मधल्या मुलीवर. “कशी ताठ चालतेय बघा! घरात पाय ओढत चालायची मेली.”

लिफ्टवाल्यांनी रिमोट खाली ठेवला.

“हं,” ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ते दुकानात हजर. दुकानवालीने सगळं ऐकून घेतलं आणि कानकोंडी झाली.

“सिनेमाचा पडदा लांबट असतो, काका. आपला टीव्ही चौकोनी. मग फुलमध्ये दोन्ही बाजूंचं कापून टाकतात.”

“कापतात? तिथे माणसं उभी असली तरी?”

“कडेची माणसं कोण बघतं, असं वाटत असेल त्यांना.”

“आमच्या लिफ्टमध्ये न मावलेला माणूस निदान पुढच्या फेरीला तरी येतो,” लिफ्टवाले म्हणाले.

वाइडस्क्रीनचा तो एकच डबा होता आणि तो सकाळीच गेला होता. दुसरा मागवते म्हणाली. त्याला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत घराचा रंगच पालटला. बायको रोज दुपारी तो तुकडा लावायची. शेजारणीला बोलावून दाखवायची. एकदा लिफ्टवाले जिना चढून आले तर आतून तिचं बोलणं ऐकू आलं. “जड आहे का गं ट्रे? मनगट दुखेल, सांभाळ.” ते दाराबाहेरच थांबले. दोन वर्षांत तिच्या तोंडून एवढे शब्द ऐकले नव्हते. खरं सांगावं तर ही पुन्हा मिटेल, न सांगावं तर परक्याच्या पोरीचे लाड चाललेत आणि आपली बाहेर ताटकळतेय. इकडे आड, तिकडे विहीर.

नवा डबा आला त्या दिवशी बायको दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. त्यांनी घाईघाईने डिस्क लावली. वर-खाली काळं झालं, मध्ये चित्राची पट्टी. दार उघडलं, दहाजणी आल्या आणि डावीकडे, अगदी शेवटी, ठकू होती.

पण केवढी? अंगठ्याच्या नखाएवढी. त्यांनी चित्र थांबवलं आणि काचेला नाक लावलं, तशी ती विरघळून नुसते ठिपके झाले. मागे सरकले तर ठिपक्यांची मुलगी झाली, पण चेहरा दिसेना. रिमोटवर चित्र मोठं करायचं बटण होतं. ते दाबलं. मुली मोठ्या झाल्या आणि ठकू चौकटीबाहेर सरकली. परत लहान केलं, आली. पुन्हा मोठं केलं, गेली. अडकलेल्या लिफ्टमधून त्यांनी किती माणसं बाहेर काढली होती, त्याची गणती नव्हती. इथे हात घालायला जागाच नव्हती.

बायको कधी आत आली ते त्यांना कळलंच नाही.

“टीव्ही बिघडला का? वर-खाली हे काळं काय?”

“बिघडला नाही. हे पूर्ण चित्र आहे,” ते म्हणाले. आणि मग न राहवून त्यांनी डाव्या कडेला बोट ठेवलं. “ही कोण, सांग बरं.”

ती वाकली. “असेल कुणीतरी. कॅमेऱ्याकडे बघतेय, वेडी.”

“ठकूनेच बघितलं होतं ना कॅमेऱ्याकडे? बोलणी नव्हती का खाल्ली तिने?”

ती आणखी वाकली. खांद्यावरची पिशवी तशीच होती, गालात कापूस होता.

“थिएटरात तू पाहिली होतीस की,” ते म्हणाले.

“नव्हती पाहिली.” ती खाली बसली. “तिने मला कोपर मारलं, आई आत्ता, आत्ता! आणि मी तिच्याकडेच बघत बसले. काय फुलली होती हो तेव्हा! पडद्यावरचं गेलं निघून. म्हटलं, बघू पुन्हा कधीतरी.”

लिफ्टवाल्यांनी टीव्ही बंद केला. आपण जीभ आवरायला हवी होती, असं त्यांना वाटलं. पण सुटलेला शब्द थोडाच परत येतो.

त्यानंतर आठवडाभर टीव्ही लागला नाही. शेजारीण एकदा डोकावून गेली, तिला बायकोने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. स्वयंपाक वेळेवर व्हायचा, कपडे वाळत पडायचे, घड्या व्हायच्या. जेवताना लिफ्टवाले मुद्दाम कामाच्या गमती सांगायचे. ती मान हलवायची.

मग एका दुपारी भांडी घासून झाल्यावर तीच म्हणाली, “तो पट्ट्यांचा लावा.”

“मोठा नको?”

“नको. त्यात कुठाय ती?”

त्यांनी लावला. ठकू आली तिथे चित्र थांबवलं. बायकोने स्टूल ओढून घेतलं, जवळ बसली, मग लांब बसली, त्यांचा चष्मा मागून घेतला आणि तो लावूनही बघितलं. बराच वेळ गेला. चष्मा काढून तिने मांडीवर ठेवला.

“मला ओळखू येत नाही हो,” ती म्हणाली. “एवढं बघतेय. पोटची पोर, आणि ओळखू येत नाही. तुम्ही म्हणता म्हणून तीच.”

“तीच आहे गं.”

“हो. तीच असेल.”

थांबवलेलं चित्र थरथरत होतं. थोड्या वेळाने यंत्राने आपणहून थांबणं सोडलं आणि मुली चालू लागल्या. हॉल आला, पाहुणे आले.

“पुन्हा लावू?” त्यांनी विचारलं.

“लावा,” ती म्हणाली, आणि चष्मा परत डोळ्यांना लावला.