वेगवेगळे बूट

मित्रांनो, मी एक जुना मजकूर-सुधारक आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. एका छोट्या वर्तमानपत्राच्या जाहिरात खिडकीमागे पिवळट पडलेला संगणक आहे, त्यात माझा मुक्काम असतो. तुम्ही विचाराल, तुला भाषा येते का रे? खरं सांगू, नाही येत. मला फक्त मोजता येतं.

मला घडवणाऱ्या बाईंनी या वर्तमानपत्राचे वीस वर्षांचे अंक मला वाचायला घातले. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द किती वेळा येतो, ते मी मोजून ठेवलं. जे शेकडो वेळा आलं ते बरोबर, जे कधीच आलं नाही ते बहुधा चुकलेलं. चुकलेल्याखाली तांबडी रेघ ओढायची आणि शेजारी नेहमीचं काहीतरी सुचवायचं. एवढंच माझं शिक्षण.

कामाला लागलो आणि माझं कौतुक सुरू झालं. खिडकीवरच्या ताई घाईघाईत काहीबाही टाइप करायच्या, मी निस्तरायचो. "हा आहे म्हणून मी वेळेवर घरी जाते," असं त्या येईल त्याला सांगायच्या. तपासनीस काकांची खुर्ची मात्र माझ्यामुळे कोपऱ्यात गेली. ते प्रत्येक जाहिरात गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवत आणि त्यात फार वेळ जाई.

एका संध्याकाळी खिडकीशी एक शिवणकाम करणारी बाई आली. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही तिला भान नव्हतं. तिचे वडील सकाळपासून हरवले होते. त्यांनी आयुष्यभर घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण हल्ली ते नेमकं तेच विसरायचे. तिनं सांगितलं तसं ताईंनी टाइप केलं: राखाडी शर्ट, एका पायात काळा बूट, दुसऱ्या पायात तपकिरी.

मी गोंधळलो. वीस वर्षांच्या अंकांत असा माणूस एकदाही आला नव्हता. 'दोन्ही पायांत काळे बूट' मात्र एकशे बारा वेळा आलं होतं. मी रेघ ओढली आणि तेच सुचवलं. खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. ताईंनी 'सर्व मान्य' दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई अंक घेऊन आली.

"ताई, माझ्या वडिलांचे बूट कुणी बदलले हो?"

ताईंचा चेहरा पडला. "यानं सुचवलं आणि... नाही, मीच. मी वाचलंच नाही."

"अहो, तीच तर त्यांची खूण होती. राखाडी शर्टातली म्हातारी माणसं गावभर आहेत."

खूण? मी तर चूक काढली होती. रोज करतो तेच केलं होतं आणि रोज त्याला शाबासकी मिळत होती.

काका उठले. त्यांनी जाहिरात नव्यानं लिहून घेतली आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवली. मी सवयीनं पुन्हा रेघ ओढली. "तू गप रे," म्हणत त्यांनी ती पुसली.

नवी जाहिरात छापून आली त्या सकाळी एका इस्त्रीवाल्याचा फोन आला. "आजोबा आमच्या जिन्यात मीटर वाचतायत. बसवून ठेवलंय, अंगात ताप आहे. काल पण आले होते हो. पण तुमच्या जाहिरातीत दोन्ही बूट काळे होते. म्हटलं, हे ते नव्हेत. जाऊ दिलं."

जाऊ दिलं. माझ्यापायी एक म्हातारा माणूस आणखी अख्खा दिवस तापानं फणफणत भटकला.

नंतर ते मुलीबरोबर खिडकीशी आले होते. बूट तसेच, एक काळा, एक तपकिरी. तिनंही आता ते बदलायचा नाद सोडला आहे. त्यांनी माझ्या संगणकामागे वाकून पाहिलं, मीटर कुठे आहे ते विचारलं आणि वहीत काहीतरी आकडा लिहिला. ते जाईपर्यंत ताईंनी मान वर केली नाही.

'सर्व मान्य' हे बटण आता काढून टाकलं आहे. काका पुन्हा खिडकीशी बसतात. माझ्याकडे दिवसदिवस कुणी बघत नाही. मी आपला मोजत बसतो. वेगवेगळे बूट: एकदा. एकशे बारांपुढे हा एक कसा मोजायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. मी ज्याच्याखाली रेघ ओढीन, ते पुसण्याआधी तुम्ही एकदा नीट वाचा. तिथे कुणाचे तरी वडील असतील.